पाच काठ्यांचं पान

आमच्या घरात भांडण झालंय की नाही, हे कळायला डोळे लागत नसत, कान पुरत. थोरली काकी तांदळाची भाकरी हातावर थापायची. घरात सगळं सुरळीत असलं की थापांचा आवाज एका लयीत चालायचा, आणि माझ्या आईशी तिचं वाजलं असलं की दोन थापा जोरात, मग थांबून एक, मग परत दोन. आत्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली असायची. ती तिथूनच डोळे वर करून माझ्याकडे बघायची. म्हणजे मी समजायचं, आज निरोपाचं काम आपल्याकडे. कारण अबोला धरला की दोघी जावा माझ्यामार्फत बोलत, आणि तेही एकाच चुलीशी, एकीचं कोपर दुसरीला लागत असताना. "शेवंते, तुज्या आयला सांग, मीट संपलंय." मी मान वळवून आईला सांगायची, मीठ संपलंय. "तिला सांग, मना डोले हायेत." मी मान परत वळवायची. पुढे मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, वर्गातली भांडणं सोडवली, पण मानेचा एवढा व्यायाम मला परत कधी घडला नाही.

आमचं गाव तारापूर आणि पालघरजवळचं माहीम यांच्या मधल्या किनाऱ्यावर. बाबा आणि दोन काका असे तीन भाऊ, एक होडी आणि घरात पाच बायका: आजी, थोरली काकी, माझी आई, धाकटी काकी आणि नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली आत्या. पुरुष दर्यावर गेले की दोन-दोन दिवस घर या पाच जणींचं. मासळी आली की दोघी डोक्यावर पाट्या घेऊन विकायला बाहेर पडायच्या, दोघी निवडायला आणि वाळवायला बसायच्या, आणि आजी सगळ्यांना बोलायची. या पाच जणी होत्या म्हणूनच मी शाळेत होते. माझ्या वयाच्या बाकीच्या पोरींच्या डोक्यावर कधीच पाटी चढली होती. मी मात्र सातवीला जाऊन पोचले होते, आणि गुरुजींनी बाबांना सांगून ठेवलं होतं की पोरीला तारापूरच्या हायस्कुलात घाला. बाबा हो म्हणाले होते. आईने मला एकदाच, मासे चिरता चिरता, स्पष्ट सांगितलं होतं, "चूल एक हाय तवर शिक. उद्या येगलं झालो, तर मी एकटी पडंन. मग तुज्या डोक्यावर पाटी आली म्हनून समज." दोघा धाकट्या भावांना सांभाळायचं, मासळी विकायची, वाळवायची, हे एकटीचं काम नव्हतं. मलाही ते दिसत होतं. त्यामुळे काकीची भाकरी जोरात वाजली की मी आधी दप्तराकडे बघायची. लोकांना घरातलं भांडण ऐकू येतं, मला हायस्कूलचं दार लागल्याचा आवाज यायचा.

आधी दोघींची गिऱ्हाइकं वेगळी होती. थोरली काकी बोईसरच्या बाजारात बसायची आणि आई पालघरला जायची, त्यामुळे भांड्याला भांडं फारसं लागत नव्हतं. मग तारापूरकडे विजेचं मोठं काम निघालं. गाड्या, सिमेंट, परमुलखातले कामगार आणि गोरे साहेब आले. साहेबांसाठी बंगले झाले, आणि त्या बंगल्यांत पापलेट खाणाऱ्या मडमा राहायला आल्या. एका बंगल्याच्या दारात थोरली काकी पहिली गेली. तिसऱ्या दिवशी त्याच दारात आई गेली. आईचं म्हणणं, दार काय कुणाच्या नावावर आहे? काकीचं म्हणणं, वाट मी पाडली. दोघींचंही खरं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळायचं की बंगल्यावरून दोघींपैकी कोणी हसत परत आली की त्या रात्रीच्या आंबटात, म्हणजे माशांच्या कालवणात, चिंच जास्त पडते.

त्या बंगल्यातल्या मडमेला मी दोन-तीनदा पाहिलं. शाळेला सुट्टी असली की मी आईबरोबर जायची. मडम लांबलचक, हाताची बोटं हाडकुळी, नाकावर मोठा चष्मा, आणि व्हरांड्यात टेबल टाकून ती पत्ते मांडत बसलेली. पण ते पत्ते आमच्या गावात शिमग्याला खेळतात तसले नव्हते. त्यांच्यावर रंगीत चित्रं होती, राजे, राण्या, चंद्र, कुत्री. मडम ते बघून माणसाचं पुढचं सांगते, अशी वार्ता बंगल्यावरच्या मोलकरणींनी सगळीकडे केली होती. मडमेचं बोलणं आम्हाला सांगायला तिचा खानसामा होता, बाबूलाल. तो उत्तरेकडचा, आम्हाला हिंदीत सांगायचा.

एका रविवारी, माघातली गोष्ट, आई मला घेऊन बंगल्यावर पोचली तर पायरीवर थोरली काकी आधीच बसलेली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. काकीने पाटीवरचं फडकं दूर केलं, आईनेही केलं. दोन्ही पाट्यांत एकाच होडीची पापलेटं. मडमेने दोन्ही पाट्या पाहिल्या, दोन्ही चेहरे पाहिले आणि ती हसायला लागली. मग तिने टेबलावरची गड्डी पिसली, दोघींच्या पुढे धरली आणि खुणेने सांगितलं, एक काढा. दोघींचे हात एकदम पुढे आले. काकीचा हात वर, आईचा खाली, आणि दोघींनी मिळून एकच पान ओढलं.

पानावर पाच पोरगे होते. पाचांचे कपडे पाच रंगांचे, प्रत्येकाच्या हातात आपल्याहून उंच काठी, आणि पाचही काठ्या एकमेकींत अडकलेल्या. मडम ते पान धरून पुष्कळ बोलली. हात हलवले, मध्येच हसली, बोटाने एकेका पोराला शिवली. मला त्यातलं 'फाइव्ह' तेवढं कळलं. तिचं बोलणं संपल्यावर आम्ही तिघी बाबूलालकडे पाहायला लागलो. बाबूलाल आत जायच्या घाईत होता. तो म्हणाला, "झगड़ा. मुक़ाबला." आणि आत गेला.

काकी उठली. एवढी रुबाबदार बाई, पण पाटीवर फडकंही न घालता निघाली. वाटेत ती आमच्यापुढे वीस पावलं चालत होती. घरात शिरल्यावर पाटी खाली ठेवायच्या आत आजीला म्हणाली, "आता देवानंच सांगतलंय, गोऱ्या बायच्या तोंडून. आमचा आता जमायचा नाय. शिमगा झाला का चूल येगली करा." आजी म्हणाली, "देवाला दुसरा काम नाय काय गो?" पण काकी ऐकायच्या पलीकडे गेली होती. आईनेही आपला हेका धरला. "करा म्हणावं," असं ती मला म्हणाली, म्हणजे मी ते काकीला सांगावं. मी त्या दिवशी मान वळवली नाही.

इथे एक कबुली द्यायची आहे. बाबूलाल आत गेला, काकी उठली, आईने पाटी उचलली आणि मडमेला आतून कोणी हाक मारली, तेवढ्या वेळात ते पान मी परकराच्या नेफ्यात खोचलं होतं. का, ते आज कुणाला सांगितलं तर हसतील. माझ्या डोक्यात असं बसलं होतं की भांडण त्या पानात आहे. पान गेलं की भांडण जाईल. झालं उलटंच. पान मी घरात आणलं आणि त्याच दिवशी घर मोडायची तारीख ठरली. ते पान मी इतिहासाच्या पुस्तकात ठेवलं, आणि पुढचे दहा-बारा दिवस त्या पुस्तकाला हात लावायची मला भीती वाटत होती. माझ्या इतिहासाची तेव्हापासून जी घसरगुंडी झाली ती कायमची.

त्या दिवसांत घर कसं होतं म्हणून सांगू. आत्याने फुंकणी फुंकायची कमी केली, कारण धुरावरूनही भांडण निघायचं. धाकटी काकी स्वभावाने गमतीदार, ती दोघींच्या चाली करून दाखवायची, तीसुद्धा गप्प झाली. एकाच चुलीवर दोन आंबटं शिजायला लागली. एकात कैरी, एकात चिंच. बाबा आणि काका जेवायला बसले की दोन्ही वाट्यांतलं थोडं थोडं घेऊन मुकाट खायचे आणि लवकरात लवकर होडीवर निघून जायचे. माशांनी त्या पंधरवड्यात आमच्या पुरुषांइतके मेहनती पुरुष पाहिले नसतील.

मग एक दिवस दुपारी वारं सुटलं. हंगामाचं नव्हतं, कुठून आलं देव जाणे. मी शाळेतून परत येत होते. आमच्या घरापुढच्या खळ्यावर बोंबील वाळवायची वलांडी होती. वलांडी म्हणजे उंच खांब रोवून त्यांच्यामध्ये आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि त्या दोऱ्यांवर ओले बोंबील टाकायचे. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि जोडी दोरीवर लोंबत ठेवतात. सुकेपर्यंत ते एकमेकांना सोडत नाहीत. आजी म्हणायची, आमच्या घरातल्या जावा आणि हे बोंबील एकाच दिवशी जन्मले. तर ती वलांडी, बोंबलांनी भरलेली, वाऱ्याने आडवी झाली होती. पुरुष दर्यावर. शेजारपाजारचे आपापल्या वलांड्या सावरत होते. वाळूत बोंबील पसरलेले, वर घारी आणि कावळे, खाली कुत्री. होळीपर्यंतची सगळी कमाई त्या दोऱ्यांवर होती, त्यामुळे भांडण बाजूला ठेवून पाचही जणी खळ्यावर उतरल्या होत्या. आजीसुद्धा.

वलांडी उभी करायची आमची एक रीत आहे. प्रत्येक खांबाला एक माणूस लागतो, आणि शिवाय एक माणूस लागतो तो रिकाम्या हातांचा. तो लांब, खळ्याच्या कडेला जाऊन उभा राहतो आणि तिथून सांगतो, हा डावीकडे घे, तो सैल सोड, आता रोवा. ते काम आजीचं होतं. त्या दिवशी खांब पाच आणि बायका पाच, म्हणून आजीने स्वतःच खांब धरला होता. मी आले तेव्हा वलांडी दोनदा उभी राहून दोनदा पडली होती. थोरली काकी ओरडत होती, "माजा खांब बरोबर हाय, तुमी तुमचा सरका." आई सांगत होती, "माजा दोरीला लागलाय, मना कोन बोलतंय?" धाकटी काकी दोघींना समजावत होती आणि तेवढ्यात तिचाच खांब कलत होता. आत्याच्या डोळ्यांत वाळू गेली होती, ती आंधळेपणाने ढकलत होती. आजी पाच जणींतली सगळ्यात बुटकी, तिचा खांब तिला धरून ठेवत होता. पाच जणी, पाच लुगड्यांचे पाच रंग, पाच काठ्या आणि सगळ्या एकमेकींत अडकलेल्या.

मला हसू फुटलं. ते आवरेना. मी दप्तर छातीशी धरून वाळूत बसले आणि हसत सुटले. काकीने ते पाहिलं आणि तिसऱ्यांदा वलांडी पडली.

"काय दात काडतस?" काकी माझ्या अंगावर धावून आली. "घर बुडतंय आनि हिला हसू येतंय." आता मार बसणार हे उघड होतं. मी दप्तरातून इतिहास काढला, त्यातून पान काढलं आणि तिच्यापुढे धरलं. दुसरं काही सुचलंच नाही. काकीने पान ओळखलं. तिचा वर उचललेला हात तसाच राहिला. आई आली, धाकटी आली, आत्या डोळे चोळत आली. चौघींनी ते पान मधे धरून पाहिलं, मग मागे वाळूत पडलेल्या खांबांकडे पाहिलं. पहिली हसली ती धाकटी काकी. "हा तांबड्या कपड्याचा मी," ती म्हणाली. "तांबडा मी," आई म्हणाली. "जा गो, तांबडा मी हाय, बग कसा पुडे झालाय," थोरली काकी म्हणाली, आणि आपण माझ्या आईशी सरळ बोललो हे तिच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

आजीने पान हातात घेतलं. तिला जवळचं दिसत नसे. पान लांब धरून, मान मागे करून तिने ते पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाली, "ये मारामारी कुटं करतान? कुनाला लागलंय काय? रगत हाय काय? ये वलांडी उबी करतान. पन यांच्यात लांब उबा रवून सांगनारा कोन नाय." मग काकीकडे न बघता ती पुढे बोलली, "जो खांब धरतो, त्याला आपला खांब सरलच दिसतो. तुमच्या डोल्यांचा दोष नाय. पन लांबून बगनारा पायजे." आणि पान माझ्या हातात परत देऊन म्हणाली, "जा शेवंते, तिकडं उबी राव. तू सांग."

मी खळ्याच्या कडेला गेले. पाच मोठ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि त्यातल्या दोघी मला कधीही थोबाडू शकत होत्या. पण तिथून खरंच सगळं दिसत होतं. काकीचा खांब आईच्या बाजूला कलला होता आणि आईचा काकीच्या बाजूला. दोघी समजत होत्या की आपण ताठ उभ्या आहोत. मी म्हटलं, काकी, दोन बोटं मागे. काकीने ओठ आवळले, पण घेतला मागे. आई, तू पण. आत्या, थांब. आजी, सोडू नको. आता रोवा. वलांडी उभी राहिली. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे बोंबील धुऊन परत टाकले, आणि त्या रात्री चुलीवर एकच आंबट होतं. त्यात कैरीही होती आणि चिंचही. भयंकर आंबट झालं होतं, पण सगळ्यांनी संपवलं.

पान मात्र चोरीचं होतं, आणि आजी त्या बाबतीत कडक. दुसऱ्या दिवशी ती स्वतः मला घेऊन बंगल्यावर गेली. दोघी जावा मागून आल्या, आजी मडमेशी काय बोलते ते ऐकायला. मी पान टेबलावर ठेवलं आणि मान खाली घातली. आजीने बाबूलालला सगळं सांगितलं आणि या खेपेला त्याला आत जाऊ दिलं नाही, त्याच्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं. मडम ऐकत राहिली, मग खो खो हसली, मग बोलली. बाबूलाल खजील झाला. म्हणाला, मेमसाब त्या दिवशीही हेच सांगत होत्या, की ये लड़के एक-दूसरे को मार नहीं रहे, सब अपनी-अपनी चला रहे हैं, तय हो जाए तो काम बन जाए. "तो उस दिन क्यों नहीं बताया?" आजीने आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं. "दूध उबल रहा था, माताजी," बाबूलाल म्हणाला. एका उतू जाणाऱ्या दुधापायी माझं हायस्कूल बुडणार होतं. मी आजही चुलीवर दूध ठेवून कोणाशी महत्त्वाचं बोलत नाही.

लांब उभं राहून सांगणाऱ्याची गोष्ट मात्र मडमेच्या पत्त्यांत नव्हती. तिने ती बाबूलालकडून दोनदा ऐकली, मग ते पान उचलून माझ्या हातात दिलं आणि माझी मूठ मिटली. तिचा पत्त्यांचा जोड त्या दिवसापासून अपुरा राहिला.

पायरी उतरताना आई हळूच म्हणाली, "आता बंगल्यावं कोन येनार?" सगळ्या थांबल्या. काकीने माझ्याकडे बोट केलं. "तिला इचार. तिच्या हातात पाटी नाय." मी म्हटलं, एक आठवडा काकी, एक आठवडा आई. दोघींना ते पटलं नाही, दोघींनी ते पाळलं. चूल वेगळी करायचा विषय शिमग्याला निघाला नाही, पाडव्यालाही नाही. जूनमध्ये मी तारापूरच्या हायस्कुलात जायला लागले तेव्हा डबा थोरल्या काकीने बांधला. भाकरी जाड होती आणि सुकटीत तिखट मजबूत. माझ्यावरचा तिचा राग गेला होता असं काही नाही. तो तिने तिखटात घातला होता.

चूल वेगळी झाली, पण पाच-सहा वर्षांनी, आजी गेल्यावर, भांडण न होता, पोरंबाळं वाढली आणि घर पुरेना म्हणून. तेव्हा मी मास्तरीणबाई व्हायला शिकत होते आणि सुट्टीत घरी आले होते. दोन घरांची दोन खळी, म्हणून एक वलांडी नवीन उभी करायची होती. पुरुष दर्यावर होते, आजीचा खांब धरायला माणूस नव्हतं. मी पदर खोचला आणि खांब धरला. दोन्ही काकी, आई, आत्या आपापल्या जागी होत्या. थोरली काकी आपला खांब आत्याच्या खांद्याला टेकवून माझ्याकडे आली. केस पिकायला लागले होते, पण चाल तीच, वाट पाडणाऱ्या बाईची. तिने माझ्या हातांतून खांब काढून घेतला.

"तू नगो धरूस," ती म्हणाली. "दोन मी धरीन. तू लांब जा, पोरी. तितून सांग."

मी वाळूतून चालत खळ्याच्या पार कडेला गेले, डोळे पुसले, तोंड त्यांच्याकडे केलं आणि सांगायला सुरुवात केली.